अन्नाच्या परवान्यावर विकलें जाणारें औषध

वजन उतरविणाऱ्या गोळ्या जेवणापूर्वीं घ्याव्या कीं जेवणानंतर, सकाळीं घ्याव्या कीं निजतेवेळीं, असे प्रश्न सुशिक्षित घरांतून आतां इतक्या सहजतेनें विचारले जातात कीं, त्या गोळ्या मुळांत घ्याव्या कीं नाहीं हा प्रश्न केव्हांच निकालांत निघाला आहे असें ऐकणारास वाटावें. आमच्या मतें तो निकालांत निघालेला नाहीं. इतकेंच नव्हे, तर यांतील बहुतेक गोळ्यांच्या बाबतींत "केव्हां व कशा" या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देणें कोणासही शक्य नाहीं. कारण डबीच्या आंत काय आहे हें घेणारास ठाऊक नसतें, विकणारास पुष्कळदां ठाऊक नसतें, आणि ज्यास ठाऊक असतें तो तें सांगण्यासाठीं धंद्यांत पडलेला नसतो.

या मालाची जात कोणती तें प्रथम पाहूं. आपल्या देशांत औषधाला एक कायदा आहे व अन्नाला दुसरा. नवें औषध विक्रीस येण्यापूर्वीं तें माणसांवर चालवून पाहावें लागतें, आणि गुण किती व अपाय किती याचा हिशेब सरकारी तज्ज्ञांपुढें मांडावा लागतो. वजन उतरविण्याची "पूरक" गोळी या दाराशीं येतच नाहीं. ती अन्न म्हणून बाजारांत शिरते. तिच्यावर बंधन काय तें २००६ सालच्या अन्नसुरक्षेच्या कायद्याचें व त्याखालीं २०१६ सालीं झालेल्या पूरक आहाराच्या नियमांचें. या नियमांनीं डबीवर "औषधी उपयोगासाठीं नव्हे" अशा अर्थाची सूचना छापणें सक्तीचें केलें आहे, आणि ती सूचना बहुधा बारीक इंग्रजी टायपांत, डबीच्या पाठीमागें, छापलेलीही असते. पुढल्या अंगास मात्र सुटलेलें पोट व सपाट पोट यांचीं चित्रें असतात.

आतां गंमत पाहा. १९५४ सालीं आपल्या पार्लमेंटानें औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध एक कायदा केला. ज्या विकारांवरील औषधांची लोकांत जाहिरात करण्यास त्या कायद्यानें मनाई केली, त्यांच्या यादींत लठ्ठपणाचें नांव स्पष्ट लिहिलेलें आहे. म्हणजे "आमच्या औषधानें तुमचा लठ्ठपणा जाईल" असें वर्तमानपत्रांत छापणें हा सत्तर वर्षांहून अधिक काळ गुन्हा आहे. परंतु शरीराच्या रचनेवर व क्रियांवर परिणाम घडविणाऱ्या पदार्थांची जी व्याख्या त्यांत केली आहे तींत "अन्नाखेरीज" अशी पुस्ती आहे, आणि या पुस्तीच्या फटींतून सबंध बाजार आंत आला आहे. अन्नाच्या कायद्यांतही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, हें आम्ही विसरत नाहीं. पण तो दंड जाहिरात होऊन गेल्यावरचा. औषधाची परीक्षा विक्रीपूर्वींची. या दोहोंमधील अंतर गिऱ्हाइकानें आपल्या यकृतावर भोगावयाचें असतें. इसापनीतींतील वटवाघूळ पक्ष्यांत पक्षी व पशूंत पशु म्हणवीत असे. ही गोळी गिऱ्हाइकापुढें औषध होते आणि अधिकाऱ्यापुढें अन्न.

जाहिरातींतील वचनें निदान त्रैराशिकानें तपासण्याची तसदी तरी सुशिक्षितांनीं घ्यावी कीं नाहीं? शरीरांतील एक किलो मेदांत सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. "सात दिवसांत सात किलो" हें वचन खरें व्हावयाचें तर दररोज ७,७०० उष्मांकांची तूट पडली पाहिजे. बैठें काम करणारा साधारण मनुष्य दिवसभरांत दोन हजारांच्या आसपास उष्मांक खर्च करतो. त्यानें सात दिवस पाण्याखेरीज कांहीं घेतलें नाहीं, तरी त्याचा पुरता दोन किलो मेद झडणार नाहीं. मग कांट्यावर जो आंकडा उतरलेला दिसतो तो कशाचा? मुख्यतः पाण्याचा. रेचक व मूत्रल द्रव्यांनीं अंगांतील पाणी काढून टाकलें कीं कांटा दोन दिवसांत खालीं येतो, आणि गिऱ्हाईक दुसरी डबी आणावयास जातें. ज्या घरांत मुलांच्या गणिताला शिकवणी लावतात त्याच घरांत हा हिशेब कोणी मांडीत नाहीं, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें.

कोणी म्हणेल कीं, निरुपयोगी गोळ्यांनीं फार तर पैसे जातील. पण ज्या गोळीचा गुण खरोखर येतो ती कां घेऊं नये? आमची मोठी भीति नेमकी त्या गोळीची आहे. डायनायट्रोफेनॉल या द्रव्याचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत हें पिवळें द्रव्य स्फोटकांसाठीं वापरीत. तेथील कामगार घामाघूम होत, त्यांस ताप चढे, ते रोडावत, आणि कित्येक मरण पावले. १९३३ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत कटिंग व टेंटर या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, हें द्रव्य पोटांत गेल्यास शरीरांतील ज्वलन वाढतें व वजन उतरतें. पेशी अन्न जाळून जी शक्ति एरवीं सांठवितात, ती याच्या योगानें न सांठतां नुसत्या उष्णतेच्या रूपानें निघून जाते. चुलीवर भांडें न ठेवतां लांकडें जाळीत बसावें तसें. गुण येई, यांत शंकाच नव्हती. वर्षभरांतच अमेरिकेंत सुमारें एक लाख लोकांनीं तें घेतल्याचा अंदाज स्वतः टेंटर यांनींच केला. मग तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदु दिसूं लागले. कोणाच्या अंगावर पुरळ उठलें. आणि कित्येकांचा ताप असा चढला कीं तो उतरेना. कारण तो ताप रोगाचा नव्हता, औषधाचाच होता, आणि औषध पोटांतून परत काढतां येत नव्हतें. १९३८ सालीं अमेरिकेंत अन्न, औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांचा नवा कायदा झाला, आणि त्याच सालीं हें द्रव्य माणसाच्या पोटांत जाण्यास अत्यंत धोक्याचें ठरविण्यांत आलें.

गोष्ट येथें संपावयास हवी होती. परंतु घरबसल्या टपालानें माल मागविण्याची सोय झाली, तशी ती पुन्हां सुरू झाली. ब्रिटनमध्यें या द्रव्यानें तरुण मुलें व मुली दगावल्या, आणि अखेर १ ऑक्टोबर २०२३ पासून तेथील विषांच्या कायद्याखालीं तें नियंत्रित विष झालें. त्याला आजही उतारा नाहीं. "माझ्या मैत्रिणीचें वजन हिनें उतरलें" या एका शिफारशीवर गोळी घेणारांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, ही शिफारस १९३४ सालीं लाखभर लोकांनीं अगदीं खरेपणानें केली असती.

दुसरा पक्ष याहून भाविक आहे. तो म्हणतो, आमची गोळी रासायनिक नव्हे, वनस्पतींची आहे. हिच्यापासून अपाय कसा होईल? धोतरा, कण्हेर व कुचला यांच्या देशांत हा प्रश्न विचारला जावा याची आम्हांस मौज वाटते. पण मौज बाजूस ठेवून ब्रसेल्स शहरांत काय झालें तें पाहूं. १९९० पासून तेथील एका वजन उतरविण्याच्या दवाखान्यांत कांहीं चिनी वनस्पतींचीं चूर्णें देण्यास सुरुवात झाली. दोन वर्षांत तरुण स्त्रियांचीं मूत्रपिंडें झपाट्यानें आकसूं लागलीं. शोध केला तेव्हां आढळलें कीं, चिनी भाषेंत ज्यांचीं नांवें जवळजवळ सारखीं आहेत अशा दोन मुळ्यांची अदलाबदल झाली होती. स्टेफानियाच्या जागीं ॲरिस्टोलोकिया पडली होती. शंभराहून अधिक रुग्णांस ही बाधा झाली. पुष्कळांच्या वांट्यास कृत्रिम रक्तशुद्धीचें यंत्र किंवा दुसऱ्याचें मूत्रपिंड आलें, आणि पुढें कित्येकांस मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्याच कुळांतील ईश्वरी आपल्याकडील वैद्यकांत अपरिचित नाहीं. एका मुळीच्या नांवाची गफलत, एवढ्यावर हा अनर्थ झाला. आणि आपल्या बाजारांत चूर्णाच्या पुडींत कोणती मुळी कुटली आहे हें ओळखणारा इसम दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो काय?

बेलाचें उदाहरण तर आपल्या अंगणांतलें. २०१३ सालीं हवाई बेटांत धडधाकट माणसें यकृताच्या दाहानें रुग्णालयांत येऊं लागलीं. चौकशींत पुष्कळांच्या तोंडून वजन उतरविण्याच्या व व्यायामाच्या एकाच पूरकाचें नांव निघालें. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानें देशभरांतील अशा ९७ रुग्णांची नोंद केली. ४७ जणांस रुग्णालयांत ठेवावें लागलें, तिघांचें यकृत बदलावें लागलें, एक दगावला. त्या पूरकांत एजेलीन नांवाचें द्रव्य होतें, आणि तें मूळचें बेलाच्या झाडांत सांपडणारें. बेलफळाचा मुरांबा खाणारांनीं भिण्याचें कारण नाहीं. डबींतलें एजेलीन झाडांतून काढलेलेंही नव्हतें. तें कारखान्यांत घडविलेलें होतें. नांव झाडाचें, माल प्रयोगशाळेचा आणि मात्रा विकणाराच्या मर्जीची, असें "वनस्पतिजन्य" या शब्दाचें व्यवहारांत स्वरूप असतें.

कोंकणांत ज्याच्या सालींचीं आमसुलें करतात त्या कोकमाचा एक दक्षिणेकडील भाऊबंद आहे. केरळांत त्याला कुडमपुळी म्हणतात व माशाच्या कालवणांत घालतात. त्याचा अर्क गार्सिनिया या नांवानें जगभर मेदनाशक म्हणून खपतो. १९९८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांच्या संघाच्या नियतकालिकांत याची परीक्षा प्रसिद्ध झाली. १३५ स्थूल माणसांपैकीं निम्म्यांस हा अर्क व निम्म्यांस तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या बारा आठवडे दिल्या. आहार दोघांनाही तोच. अर्क घेणारांचें वजन सरासरी ३.२ किलो उतरलें, पोकळ गोळी घेणारांचें ४.१ किलो. हा फरक योगायोगाचा मानला तरी अर्काच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. शिवाय या अर्काच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत त्या वेगळ्या. आमसुलाचें सार प्यावें, सोलकढी प्यावी. त्यांची चव तरी लागते.

आणि हें सर्व डबीवर लिहिलेलें द्रव्यच डबींत असतें असें धरून झालें. सिब्युट्रामीन नांवाचें भूक मारणारें औषध होतें. हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो असें दिसल्यावरून तें २०१० सालीं युरोपांत व अमेरिकेंत बंद झालें, २०११ सालीं आपल्याकडे. औषधाच्या दुकानांतून हद्दपार झालेलें हें औषध गेलें कोठें? अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानें २००७ ते २०१६ या काळांत ज्या ७७६ पूरकांत चोरून मिसळलेलीं औषधें पकडलीं, त्यांतील ३१७ वजन उतरविण्याचीं होतीं, आणि त्या ३१७ पैकीं २६९ मध्यें सिब्युट्रामीन निघालें. डबीवर अर्थातच पानाफुलांचीं चित्रें. रक्तदाबाचा रोगी आपल्या डॉक्टरास "मी कांहीं घेत नाहीं, एक आयुर्वेदिक गोळी तेवढी घेतों" असें सांगतो, तेव्हां तो खोटें बोलत नसतो. त्याच्याशींच कोणी तरी खोटें बोललेलें असतें.

येथें आम्हांस आमच्याच बाजूच्या कांहीं मंडळींशीं भांडावयाचें आहे. या गोळ्यांवर तेही तुटून पडतात, पण त्यांचें कारण निराळें. त्यांच्या मतें लठ्ठ मनुष्य हा आळशी व खादाड. त्यानें तोंड आवरावें व पळावें, म्हणजे काम झालें. हें मत जितकें निष्ठुर तितकेंच अडाणीपणाचें आहे. आनुवंशिकता, अवटु ग्रंथीचे विकार, स्त्रियांतील अंडाशयाचे विकार, स्टेरॉइडसारखीं औषधें, झोपेचा अभाव, पाळ्यांच्या नोकऱ्या, इतकीं कारणें असतां सगळा बोजा जिभेवर टाकणें सोईचें असतें एवढेंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील २४ टक्के स्त्रिया व जवळजवळ २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षां जाड आढळले. एवढी प्रजा एकाएकीं आळशी झाली काय? चरकसंहितेंत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत ज्या आठ निंदितांचें वर्णन आहे त्यांत अतिस्थूल आहे तसा अतिकृशही आहे, आणि दोघांनाही रोगी मानून दोघांनाही चिकित्सा सांगितली आहे. ती चिकित्साही आहार, व्यायाम व जागरण यांची, हळूहळू वाढवीत न्यावयाची. हळदीच्या दिवसापर्यंत आठ किलो, अशी मुदत तींत नाहीं. ही मुदत आपल्या समाजानें घातली. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनीं चहाच्या कपाआडून केलेली एक कुजबुज, विवाहविषयक जाहिरातींतील "सडपातळ" हा एक शब्द, मावशीचा एक टोमणा, हीं या धंद्याचीं फुकट कामें करणारीं दलाल मंडळी आहेत. गोळी विकणारा भीति विकतो. पण ती भीति आम्ही घरीं तयार करून त्याच्या दुकानीं पोंचवितों.

खरें औषध नाहींच काय? आहे. ऑर्लिस्टॅट हें त्यांतलें एक. तें खाल्लेल्या स्निग्धांशापैकीं सुमारें एक तृतीयांश पचूं देत नाहीं. म्हणून तें जेवणाबरोबर अथवा जेवण झाल्यापासून तासाभराच्या आंत घ्यावयाचें, जेवणांत स्निग्ध पदार्थ नसल्यास तो डोस गाळावयाचा, आणि जीवनसत्त्वांची गोळी त्यापासून दोन तास दूर ठेवावयाची. अलीकडे सेमाग्लुटाइड वगैरेंच्या सुया आल्या आहेत. एका मोठ्या परीक्षेंत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलें, आणि सुया थांबविल्यावर वर्षभरांत त्यांतील दोन तृतीयांश परत चढलें. गुणही लिहिला, मर्यादाही लिहिली. "केव्हां व कशी" याचें उत्तर असें मिळतें. तें परीक्षेंतून येतें, जाहिरातींतून येत नाहीं. आणि तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं अमलांत आणावयाचें असतें.

इतकें वाचूनही ज्यांस कांहीं पूरक घ्यावयाचेंच आहे, त्यांस आम्ही निरुत्तर पाठवीत नाहीं. अठरा वर्षांखालील मुलें, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आणि यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय यांचे विकार असलेलीं माणसें यांनीं या वाटेस जाऊंच नये. मधुमेह, रक्तदाब, अवटु ग्रंथि, मानसिक विकार यांवर किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठीं ज्यांस रोजचीं औषधें आहेत त्यांनीं डबी आधीं डॉक्टरांपुढें ठेवावी, मग उघडावी. ज्यांचें वजन मुळांत बेताचें आहे त्यांनीं आरशाशीं भांडण मिटवावें. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० यांच्या पुढें गेल्यास काळजीचें कारण मानतात; ही टेप घरांत शिवणाच्या डब्यांत असते. ज्या डबीवर प्रत्येक घटकाचें प्रमाण न लिहितां नुसतें "खास मिश्रण" लिहिलेलें आहे ती घेऊं नये. एका वेळीं एकच पूरक घ्यावें. चार घेतलीं आणि डोळे पिवळे झाले तर दोषी कोण हें ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं. हिरव्या चहाचा पेला निराळा व त्याचा अर्क निराळा: अर्कांतील मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक गेल्यास यकृतावर ताण पडल्याचीं चिन्हें रक्तांत दिसूं शकतात, असें युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ सालीं नमूद केलें, आणि तो उपाशीं पोटीं तर घेऊंच नये. पुष्कळ गोळ्यांत कॅफीन असतें, कधीं ग्वारानाच्या नांवाखालीं. निरोगी प्रौढाची दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम, आणि तींत आपला सकाळ-संध्याकाळचा चहा व कॉफी धरलेली आहे. अशी गोळी दुपारनंतर घेऊन रात्रीं झोप येत नाहीं म्हणून तक्रार करूं नये. इसबगोल हा त्यांतल्या त्यांत सालस. पण तोही कोरडा गिळूं नये, पेलाभर पाण्यांत घ्यावा, घेऊन लगेच आडवें होऊं नये, व इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवावा. शस्त्रक्रिया ठरली असल्यास दोन आठवडे आधीं सर्व पूरकें बंद करावीं व भूल देणाऱ्या डॉक्टरांस त्यांचीं नांवें सांगावीं.

छातींत धडधड, गरगरणें, अन्नावरची वासना जाणें, उजव्या बरगडीखालीं दुखणें, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा, यांतील कांहींही दिसल्यास गोळी त्याच दिवशीं बंद करावी आणि डॉक्टर गांठावा. घरांतलीं माणसें अशा वेळीं लाजेनें म्हणा किंवा रागानें म्हणा, डबी कचऱ्यांत फेंकतात. ती फेंकूं नये. उरलेल्या गोळ्या, डबी, तिच्यावरील गटक्रमांक व विकत घेतल्याची पावती हें सर्व बरोबर न्यावें. आंत काय होतें याची तपासणी त्यावांचून होत नाहीं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना गाझियाबाद येथील भारतीय औषधिसंहिता आयोगाकडून चालते, आणि तिच्याकडे डॉक्टरांप्रमाणें रोग्यालाही कळवितां येतें. तेथें कळवावें, आणि माल अन्न म्हणून विकलेला असल्यामुळें अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडेही दुसरी तक्रार द्यावी, म्हणजे हें प्रकरण आमच्याकडचें नव्हे, त्यांच्याकडचें, असें म्हणण्यास कोणास जागा राहणार नाहीं.